तेलाचं वय

सोलापूरच्या जेवणात तेल नुसतं फोडणीपुरतं येत नाही, ते ताटातही वरून येतं. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि चटणीत बोटानं खळगा करून त्यात सोडलेली कच्च्या तेलाची धार, एवढ्यावर इथल्या माणसाचं जेवण पुरं होतं. जुन्या घरांत हे तेल करडीचं असे. फोडणीत तेलाचा दोष झाकला जातो, कारण हिंग, मोहरी आणि लसूण त्याला सांभाळून घेतात. चटणीवरच्या कच्च्या तेलाला असा आडोसा नसतो. ते खवट असेल तर पहिल्या घासालाच घशात खरखरतं. म्हणूनच आमच्याकडच्या जुन्या बायका तेलाची पारख नाकानं आणि जिभेनं करत. ही पारख मला उशिरा आणि आजारपणाच्या निमित्तानं शिकावी लागली.

माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या अंगावर पित्त उठू लागलं तेव्हाची ही गोष्ट. दिवस कलला की मानेवर, दंडांवर, पोटऱ्यांवर लाल गांधी उठायच्या आणि रात्रभर खाज. आमसुलाचं पाणी लावून झालं, गोळ्या झाल्या. गोळी घेतली की बरं वाटायचं, तिचा असर ओसरला की पुन्हा तेच. इतर कारणं तपासून झाल्यावर डॉक्टरांनी सुचवलं की काही आठवडे हिस्टामिन कमी असलेला आहार घेऊन पाहा. हाती यादी आली. दही, ताक, लोणचं, आंबवलेलं पीठ, टोमॅटो, वांगं, पालक, सुकी मासळी आणि शिळं अन्न, सगळं बंद. त्यातच शेंगदाणाही होता. ज्या गावात आमटीला कूट, भाजीला कूट, उपासाला कूट आणि प्रवासाला चटणी, तिथं शेंगदाणा काढला की स्वयंपाकघराचा कणाच निघतो. जाऊबाईंनी यादी खालीवर वाचली आणि विचारलं, “अक्का, मग तेल कुठलं वापरायचं? तेलाचं तर यात काहीच नाही.”

त्या प्रश्नामागे मी बरीच लागले. उत्तर शोधताना कळलं ते असं. हिस्टामिन हा काही परका विषारी पदार्थ नाही. आपलं शरीर ते स्वतः बनवतं. १९०७ साली विंडाउस आणि फोग्ट या रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं, आणि १९१० च्या सुमारास हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी त्याचा शरीरावर होणारा परिणाम तपासला. गांधी उठणं, खाज, नाक वाहणं यांत त्याचा हात असतो. अन्नात ते तयार होतं ते जंतूंमुळे. प्रथिनात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल असतं, काही जंतू त्याचं हिस्टामिन करतात. बांगडा, टुना अशी मासळी बर्फाविना राहिली की तिच्यात ते भराभर वाढतं, आणि एकदा तयार झालं की शिजवून, तळून जात नाही. निरोगी माणसाच्या आतड्यात डायअमाइन ऑक्सिडेज हे विकर खाण्यातल्या हिस्टामिनचा निचरा करतं. ते कमी पडणाऱ्यांना त्रास होतो, असं हे गणित मांडलं जातं.

म्हणजे हिस्टामिन बनायला प्रथिन हवं, पाणी हवं, जंतू हवेत, ऊब हवी आणि वेळ हवा. स्वच्छ, निवळलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ नसतं आणि पाणीही नसतं. जंतूंना तिथं थाराच नाही. तेव्हा जाऊबाईंच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर एका वाक्यात मिळालं: हिस्टामिनच्या दृष्टीनं कुठलंही चांगलं तेल चालेल. दुसरं उत्तर लांबलचक निघालं, आणि मला सांगायचं आहे ते त्याबद्दलच.

हिस्टामिनची यादी नीट पाहिली तर तिच्यातल्या बहुतेक पदार्थांचा गुन्हा वयाचा आहे. ताजं दूध चालतं, मुरलेलं चीज नाही. सकाळची डाळ चालते, तीच दुसऱ्या दिवशी गरम केलेली नाही. ताजा मासा चालतो, सुकट नाही. पदार्थ तोच, फरक पडतो तो मधल्या तासांचा. तेलही म्हातारं होतं, पण वेगळ्या वाटेनं. त्याला जंतू लागत नाहीत, हवा पुरते. हवेतला प्राणवायू तेलातल्या असंतृप्त मेदाम्लांना भिडतो, आधी पेरॉक्साइडं तयार होतात आणि ती मोडून खवट वासाचे पदार्थ बनतात. उजेड आणि उष्णता हे काम वाढवतात, तांब्या-लोखंडाचा अंशही वाढवतो. खवट तेल हिस्टामिन वाढवतं असं म्हणायला आधार नाही, आणि तसं मी म्हणणारही नाही. पण ज्याच्या ताटातले निम्मे पदार्थ आधीच काढून घेतले आहेत, त्याच्या वाट्याला जी एक-दोन तेलं उरतात ती तरी निर्दोष असावीत, एवढी साधी काळजी मला त्यात दिसली. शिवाय आज का उठलं आणि काल का नाही, याचा माग काढणाऱ्या माणसाच्या जेवणात बिघडलेल्या तेलाचा आणखी एक गुंता कशाला?

सगळी तेलं सारख्या वेगानं म्हातारी होत नाहीत. शेंगतेलात निम्म्याच्या आसपास ओलेइक आम्ल असतं, ते बऱ्यापैकी टिकाऊ. करडीच्या नेहमीच्या तेलात ७० ते ७५ टक्के लिनोलेइक असतं. ते ओलेइकच्या दहापटीहून अधिक वेगानं हवेशी संयोग पावतं. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनोलेनिक, ते त्याहूनही नाजूक. तिळाच्या तेलाला सेसमॉलसारख्या त्याच्याच अंगच्या रक्षकांची साथ असते, म्हणून ते बरंच टिकतं. खोबरेल जवळपास नव्वद टक्के संतृप्त, त्यामुळे हवेला तिथं पकडायला फारसं काही सापडत नाही.

हे वाचल्यावर मला एक गोष्ट कोड्यासारखी वाटू लागली. करडीचं तेल इतकं नाजूक, आणि करडी पिकते आमच्याकडे, जिथं एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर मुक्कामच ठोकतो. मग माझ्या आजेसासूबाईंच्या पिढीनं वर्षभर हे तेल खाल्लं कसं?

उत्तर धान्याच्या कोठीत होतं. त्यांनी तेल साठवलंच नाही. त्यांनी करडी साठवली. करडीचं बी पांढरं, शंखासारखं तुळतुळीत असतं आणि त्याचं टरफल इतकं टणक आणि जाड की बीच्या वजनाचा मोठा भाग टरफलाचाच. आत जेमतेम तीस टक्क्यांच्या आसपास तेल. गिरणीवाल्याला हे टरफल अडचणीचं वाटतं, पण बीमधल्या तेलासाठी याच्यासारखी बरणी नाही. आत हवा शिरत नाही, उजेड पोचत नाही, आणि बीजाचे स्वतःचे रक्षक पदार्थ जागच्या जागी असतात. नीट वाळवलेली करडी पोत्यात उन्हाळा काढते. लागेल तशी पायली-दोन पायली घाण्यावर न्यायची, तेल आणायचं, पेंड जनावराला घालायची. तेल घरात यायचं ते तरुण, आणि म्हातारं व्हायच्या आत संपायचं.

या पिकाचं आमच्या मातीशी जुनं नातं आहे. सोलापूरचा पाऊस बेभरवशाचा. १९३३ साली इथं कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र निघालं ते याच दुखण्यावर उपाय शोधायला. पुढं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली इथं करडीवर काम झालं. ‘भीमा’, ‘फुले कुसुमा’, ‘फुले चंद्रभागा’ हे वाण शेतकऱ्यांच्या तोंडी आले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्याचे वाण आणि संकरित वाण दिले. परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरायची, मग तिचं सोटमूळ जमिनीत खोल खोल ओल शोधत जातं आणि पुढं पाण्याची फारशी अपेक्षा ठेवत नाही. ज्वारीच्या रानाला कडेनं करडीचे काटेरी तास घातले की गुरं आत शिरत नाहीत, म्हणून राखणही होते. सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत हे पीक केशरी-पिवळ्या फुलांनी भरलेलं असतं. संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वज निघतात आणि शहरभरच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, ज्याला इथं यण्णीमज्जन म्हणतात. ज्या गावाच्या सर्वांत मोठ्या उत्सवाची सुरुवात तेलानं होते, त्या गावाला तेल म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नसे.

घाण्याचाही असाच इतिहास आहे. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली ग्रामोद्योगांचे जे प्रयोग चालले, त्यांत बैलघाणा सुधारण्याचं काम झव्हेरभाई पटेलांनी केलं. तेलरसायनशास्त्रज्ञ के. टी. अचया यांनी १९९३ साली भारतीय घाण्यावर एक पूर्ण पुस्तकच लिहिलं. गावाच्या रोजगाराइतकाच ताज्या तेलाचा मुद्दाही त्या चळवळीत होता, हे मला आता जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता लाकडी घाणे परत दिसू लागले आहेत, बैलाच्या जागी मोटार आली एवढंच. आमच्या घराजवळच्या एका घाण्यावर मी करडी घेऊन गेले. उखळात बी पडलं आणि लाट, म्हणजे घाण्याचं लाकडी मुसळ, फिरू लागली. पहिल्यांदा नुसता कडकड आवाज, टरफलं फुटण्याचा. मग भरड झाली, ती कडेनं चढू लागली. मग भरडीचा रंग गडद होत गेला, तिच्यावर ओलसर चमक आली, आणि खालच्या तोंडातून पहिला थेंब बराच वेळ लोंबकळून मग धार सुटली. ते तेल गढूळ होतं, कोमट होतं आणि त्याला ओल्या गवतासारखा हलका वास होता. घाणेवाले काका म्हणाले, “ताई, तेल काय, कधीबी काढून दिऊ. बी तेवढं निवडून आना. आनि चार दिवस हलवू नगा, निवळू द्या.”

त्या ‘निवळू द्या’मध्ये जाऊबाईंच्या आजाराच्या दृष्टीनं फार मोलाची गोष्ट होती. घाण्यातून निघालेलं तेल शुद्ध तेल नसतं. त्यात बीचे कण असतात, थोडं प्रथिन असतं, गाळताना पाण्याचा हात लावला असेल तर ओलही असते. हे सगळं तळाला बसतं. तेल बिघडायला सुरुवात होते ती तिथूनच, आणि जंतूंना पाय रोवायला तेलात कुठं जागा असेल तर ती याच गाळात. चार-सहा दिवसांनी वरचं नितळ तेल अलगद दुसऱ्या बाटलीत काढायचं आणि गाळाच्या मोहात पडायचं नाही.

कच्च्या घाण्याचं तेल म्हटलं की ते आपोआप पथ्याचं ठरत नाही, हेही मोकळेपणानं सांगायला हवं. शेंगदाणा ओला साठवला गेला असेल तर त्याच्यावर बुरशी येते आणि तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष दाण्यात उतरतं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी मेले, त्याचा शोध घेताना शेंगदाण्याच्या पेंडीतून हे विष उघडकीला आलं. शुद्धीकरणात, म्हणजे रिफाइन करताना, ते बऱ्याच अंशी निघून जातं, प्रथिनही निघून जातं. घाण्याच्या तेलात दोन्ही थोडंफार येऊ शकतं. म्हणून ज्याला शेंगदाण्याची खरीखुरी ॲलर्जी आहे त्यानं घाण्याचं शेंगतेल टाळावं. ज्याला नाही त्यानं दाणे स्वतः निवडून द्यावेत, सुरकुतलेले, काळपट, कुबट वासाचे बाजूला काढून. आणि निवडलेलं बी नसेल, घाणा विश्वासाचा नसेल, तर मुदत पाहून घेतलेली सीलबंद रिफाइंड तेलाची लहान पिशवी केव्हाही बरी. सुट्या तेलाचा तर विचारच करू नये. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि जलोदरासारख्या रोगानं माणसं दगावली. सुटं तेल विकण्यावर निर्बंध आले त्यामागं ते दुःख आहे.

मग घरातली व्यवस्था बदलली. आमच्याकडे पगाराच्या आठवड्यात १५ किलोचा डबा यायचा. स्वस्त पडायचा आणि एकदा आणला की निर्धास्त. पण डब्याचं तोंड फोडलं की पहिल्या दिवसापासून आत हवा शिरते, आणि जसजसं तेल कमी होतं तसतशी हवेची जागा वाढते. शेवटचे दोन-तीन किलो तेल मोकळ्या हवेखाली आठवडेच्या आठवडे पडून असतं. आता लहान मापात आणतो. गडद काचेची किंवा स्टीलची बुधली, गळ्यापर्यंत भरलेली, झाकण घट्ट. एक हाताशी, बाकीची आतल्या खोलीत, जमिनीलगतच्या कपाटात, कारण सोलापुरात मे महिन्यात फळीवर आणि जमिनीवर हवेत बराच फरक असतो. शेगडीजवळची फळी तेलानं कायमची सोडली. तांब्या-पितळेच्या भांड्यात तेल ठेवत नाही. तळणाचं उरलेलं तेल ताज्यात ओतत नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं, जुन्या तेलावर नवं ओतत नाही. तेलाची बाटली नेहमी वापरणाऱ्या कुणीही तिच्या बुडाशी हात लावून पाहावा. बाहेरून ओघळलेलं तेल तिथं पिवळसर, चिकट, नखानंही न निघणारं होऊन बसलेलं असतं. हवेनं तेलाचं काय होतं ते त्या कड्यावर दिसतं. करडीचं तेल पातळ थरात वाळून कडक होतं, म्हणून रंग आणि वार्निशातही ते वापरलं गेलं आहे. तसाच थर बाटलीच्या आत गळ्याशी असतो, आणि त्यातल्या पेरॉक्साइडांच्या संगतीनं नवं तेलही लवकर म्हातारं होतं. बाटली रिकामी झाली की गरम पाण्यानं आणि साबणानं धुवायची, उन्हात खडखडीत वाळवायची आणि मगच भरायची.

करडी आणि जवसाचं तेल फ्रिजमध्ये ठेवलं. करडीचं तिथंही पातळच राहतं. शेंगतेल ढगाळतं, घट्ट होतं आणि बाहेर काढलं की पुन्हा पूर्ववत होतं, त्यात बिघाड काही नाही. चटण्यांनाही हाच नियम लावला. जवस, कारळे, शेंगदाणे कुटले की बीची बरणी आपण स्वतः फोडलेली असते. त्यामुळे महिन्याची चटणी कुटून ठेवण्याऐवजी आठवड्याची कुटायची.

पथ्य करताना एक गोष्ट सतत मनात ठेवली. या आजाराच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. एकीत जे बंद, ते दुसरीत चालतं. जर्मन भाषक देशांतल्या ॲलर्जीतज्ज्ञांनी २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे की याबद्दलचे पुरावे तोकडे आहेत. जन्मभराची यादी कुणाच्या माथी मारू नये, थोडा काळ आहार हलका करावा, नोंद ठेवावी आणि मग एकेक पदार्थ परत आणून पाहावा. आम्ही तेच केलं. जाऊबाई वहीत लिहायच्या, काय खाल्लं, किती वाजता रांधलेलं होतं, कधी उठलं. त्या वहीनं त्यांना यादीपेक्षा जास्त शिकवलं. शिळी आमटी आणि बाजारचं लोणचं त्यांना खरोखर बाधत होतं. ताज्या कुटलेल्या शेंगाचटणीनं काही झालं नाही. दाणा परत आला, कूट परत आलं. गांधी पुरत्या थांबल्या नाहीत, पण झोप लागू लागली, आणि जेवायला बसण्याची धास्ती गेली. ओठ सुजणं, श्वास लागणं असं काही झालं तर मात्र वही मिटून तडक दवाखाना गाठायचा, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

माझी खंत वेगळीच आहे. जे तेल चटणीवर ताजं सोडलं जायचं, त्याचं पीक आमच्या रानांतून आटत चाललं आहे. काट्यांमुळे काढणीला माणूस मिळत नाही, हरभऱ्यानं जागा घेतली, आणि बाहेरून येणारी पाम, सोयाबीन, सूर्यफुलाची तेलं स्वस्त पडतात. त्या तेलांना मी नावं ठेवत नाही, अनेक घरांची फोडणी त्यांच्यावरच होते. पण ज्याच्या शेतात करडी आहे त्याच्याकडून सरळ चार घरांनी मिळून एक पोतं घेतलं, वाळवून ठेवलं आणि लागेल तसं घाण्यावर नेलं, तर आजारी माणसाला ताजं तेल मिळतं, शेतकऱ्याला हंगामातच भाव मिळतो आणि घाणेवाल्याला बारमाही काम मिळतं. आमच्या गल्लीत तीन घरं तयार झाली आहेत, चौथं होईल. फाल्गुनात काढणी झाली की पोतं यायचं ठरलं आहे. तोपर्यंत दुकानात गेलं की तेलाच्या नावाआधी मी त्याची तारीख वाचते आणि घाण्यावर गेलं की विचारते, “काका, हे कधी काढलंय?” त्यांनाही आता सवय झाली आहे, बाटलीवर चिकटपट्टी लावून ते दिवस आणि महिना लिहूनच देतात.